थायरॉईडची गोळी आणि ताटातलं पथ्य

थायरॉईड मंदावल्याचं निदान झालं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुधा एकच औषध असतं आणि एकच सूचना: सकाळी अनशापोटी एक गोळी. घरी पोचेपर्यंत नातेवाईक, शेजारी आणि मोबाईल मिळून त्या चिठ्ठीला भलीमोठी पुरवणी जोडतात. कोबी बंद, फ्लॉवर बंद, सोयाबीन बंद, गहू बंद, मीठ सैंधवच वापरा, सकाळी धण्याचं पाणी प्या. महिन्याभरात काय खायचं नाही याची यादी तोंडपाठ होते. पण गोळी आणि चहा यांत किती वेळ सोडायचा, लोहाची गोळी कधी घ्यायची, रक्त तपासायला जाताना थायरॉईडची गोळी घेऊन जावं की न घेता, हे अनेकींना कुणीच सांगितलेलं नसतं. या आजाराविषयी गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत जे कळलं आहे ते एकत्र मांडलं की ही उलटापालट ठळकपणे दिसते. आहाराचा या आजाराशी संबंध आहे आणि तो महत्त्वाचाही आहे. फक्त लोक तो जिथे शोधतात तिथे तो क्वचितच सापडतो.

‘अनेकींना’ असं म्हटलं, कारण हा मोठ्या प्रमाणावर बायकांचा आजार आहे. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी जवळजवळ ११ टक्के लोकांना थायरॉईडची कमतरता आढळली. स्त्रियांमधलं प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट होतं. किनाऱ्यावरच्या शहरांपेक्षा आतल्या शहरांत ते थोडं अधिक भरलं. कित्येकांना आपल्याला हा आजार आहे याचा पत्ताच नव्हता, आणि त्यात नवल नाही. थकवा, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, गळणारे केस, वाढती थंडी, अंगावर जास्त जाणारी पाळी, सुजलेले डोळे, जड झालेला आवाज, नावं न आठवणं, ही लक्षणं एकेक करून वर्षानुवर्षं पावलं टाकत येतात. चाळिशीतली बाई हे सांगायला गेली की ‘टेन्शन घेऊ नका’ किंवा ‘वय झालं’ हे उत्तर तिला फार सहज मिळतं. एका साध्या रक्ततपासणीनं कळणारी गोष्ट अशी दोन-चार वर्षं अंगावर काढायला लावणं हा तिच्यावरचा अन्याय आहे.

आयोडीन पुरेसं मिळणाऱ्या भागात या कमतरतेचं सर्वात मोठं कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनं आपल्याच ग्रंथीवर केलेला हल्ला. जपानच्या हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली या विकारातल्या ग्रंथींचं वर्णन केलं आणि त्यांचंच नाव त्याला चिकटलं. ग्रंथी शस्त्रक्रियेनं काढलेली असणं, किरणोत्सारी आयोडीनचा उपचार झालेला असणं, लिथियम किंवा हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडेरोन चालू असणं, ही इतर कारणं. कारण कोणतंही असो, ग्रंथी कमी पडू लागली की मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी तिला जोरानं हाका मारू लागते. ती हाक म्हणजे टीएसएच. म्हणून ग्रंथी मंद आणि रिपोर्टमधला टीएसएच चढलेला, असं उलटं गणित दिसतं.

उपचाराचा इतिहास विलक्षण आहे. स्वित्झर्लंडचे शल्यविशारद थिओडोर कोकर गलगंडाच्या शस्त्रक्रियांसाठी प्रसिद्ध होते. ज्यांची संपूर्ण ग्रंथी काढली ते रुग्ण पुढे सुजट, मंद, थंड होत गेल्याचं त्यांनी १८८३ साली मांडलं आणि या ग्रंथीवाचून माणसाचं चालत नाही हे जगाला कळलं. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे जॉर्ज मरी यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क अशा आजाराच्या एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. ती सुधारली, आणि पुढे तोंडावाटे अर्क घेत १९१९ पर्यंत जगली. तिला आयुष्यभर लागलेल्या अर्कासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब मरी यांनीच नंतर दिला. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवता आलं, आणि शतकाच्या मध्यावर लेव्होथायरॉक्सिनची गोळी बाजारात आली. जे शरीर बनवत नाही तेच नेमकं त्याला परत द्यायचं, इतका सरळ उपचार वैद्यकात फार थोड्या आजारांच्या वाट्याला आला आहे.

हे औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजलं जातं. ग्रंथी जवळजवळ निकामी असेल तर वजनाच्या दर किलोला साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला शंभराची गोळी. ग्रंथी अजून थोडंफार काम करत असेल तर पंचवीस किंवा पन्नासची पुरते. वृद्धांना आणि हृदयविकार असलेल्यांना साडेबारा किंवा पंचविसानं सुरुवात करून हळूहळू वर न्यावं लागतं, कारण मंदावलेल्या हृदयाला एकदम धावायला लावणं धोक्याचं असतं. रक्तात गेलेलं औषध निम्म्यावर यायला सुमारे ७ दिवस लागतात. त्यामुळे एखादी गोळी राहिली तर घाबरण्याचं कारण नाही, आठवेल तेव्हा घ्यावी. याच संथपणामुळे डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे उलटण्याआधी केलेली टीएसएचची तपासणी काही सांगत नाही. दर पंधरा दिवसांनी रिपोर्ट काढून डोस खालीवर करणं म्हणजे पैसे आणि मनःशांती दोन्ही घालवणं.

एवढं सगळं सरळ असूनही गडबड होते. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १९९५ साली आरोग्य मेळाव्यांत २५ हजारांवर लोकांचं रक्त तपासलं गेलं. त्यांत थायरॉईडची गोळी आधीपासून घेणारे दीड हजार लोक होते, आणि त्यांच्यातल्या ४० टक्क्यांचा टीएसएच योग्य मर्यादेबाहेर होता. डोस चुकलेला असणं हे एक कारण. दुसरं कारण गोळीच्या पोटातल्या प्रवासात आहे, आणि अन्नाचा खरा प्रभाव इथेच पडतो.

थायरॉक्सिन लहान आतड्यात शोषलं जातं, आणि रिकाम्या पोटीही सगळं शोषलं जात नाही. त्याच वेळी पोटात कॅल्शियम किंवा लोह असेल तर औषध त्याला चिकटतं आणि वाया जातं. यांच्यात किमान चार तासांचं अंतर हवं. हा नियम आपल्याकडच्या बायकांना विशेष लागू पडतो. थायरॉईड कमी असलं की पाळीत रक्तस्राव वाढतो, त्यातून हिमोग्लोबिन उतरतं, म्हणून लोहाची गोळी सुरू होते. ती सोयीसाठी सकाळीच थायरॉईडच्या गोळीबरोबर घेतली जाते, थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही आणि रक्तस्राव तसाच राहतो. हे चक्र तोडायला नवं औषध लागत नाही. लोहाची गोळी दुपारच्या जेवणाच्या सुमारास आणि कॅल्शियम रात्री, एवढा बदल पुरतो.

चहाचं काय? अभ्यास प्रामुख्यानं कॉफीवर झाले आहेत आणि गोळीबरोबर घेतलेल्या कॉफीनं शोषण घटतं हे त्यांत दिसलं आहे. दुधातल्या कॅल्शियमनंही घटतं. आपला चहा म्हणजे निम्मं दूध. तेव्हा गोळी साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा ते एक तास थांबणं हेच शहाणपणाचं. ज्यांना उठल्याबरोबर चहा लागतोच त्यांनी स्वतःशी रोज झगडण्यापेक्षा गोळी रात्री झोपताना घ्यावी, आणि कॅल्शियम मग तिच्यापासून चार तास दूर न्यावं. नेदरलँड्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रात्री गोळी घेणाऱ्यांचे रिपोर्ट सकाळी घेणाऱ्यांपेक्षा चांगले आले. अट एकच: जेवण होऊन तीन तास झालेले असावेत. दहाला जेवून अकराला झोपणाऱ्या घरात हे जमणार नाही. रोज एकाच प्रकारे घेणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण डोस त्या सवयीवरच बेतलेला असतो.

आम्लपित्ताच्या गोळीची गोष्ट वेगळी आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. पॅन्टोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोलही ‘अनशापोटी’च लिहून दिलेलं असतं, म्हणून दोन्ही गोळ्या एका घोटात जातात. पण इथे अंतर ठेवूनही फारसं साधत नाही. थायरॉक्सिन विरघळायला पोटातलं आम्ल लागतं आणि ही औषधं दिवसभर आम्लच कमी करतात. ती दीर्घकाळ घ्यावी लागत असतील तर थायरॉईडचा डोस वाढवावा लागू शकतो. गरज नसेल तर आम्लपित्ताची गोळी बंद करणं उत्तम. आणि डोस सारखा वाढवूनही टीएसएच उतरत नसेल, तर जठराचा दाह किंवा सीलिअॅक रोग (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला होणारा विकार) आहे का हे पाहायला हवं. पावसाळ्यात गोळ्यांची बाटली उघडी ठेवणं किंवा ती ओट्यावर गॅसजवळ ठेवणं, याचाही विचार करावा: हे औषध उष्णता, ओल आणि उजेड यांना नाजूक आहे.

केस गळतात म्हणून घेतलं जाणारं बायोटिन रिपोर्टच फसवतं. काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-४, म्हणजेच थायरॉक्सिन, खोटं जास्त दिसतं. मग डॉक्टर डोस कमी करतात आणि केस आणखी गळतात. तपासणीच्या निदान दोन दिवस आधी बायोटिन थांबवावं, आणि त्या सकाळची थायरॉईडची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी.

आता ताटाकडे वळू. इथे सगळ्यात मोठं काम मिठानं केलं आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला. काही वर्षांत तिथल्या शाळकरी मुलांतलं गलगंडाचं प्रमाण झपाट्यानं उतरलं आणि त्या पायावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. आज दुकानात मिळणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडीन असायला हवं. प्रौढाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅमची आणि गरोदरपणात २५० ची. म्हणून सैंधव मिठाची सध्याची लाट मला काळजीची वाटते. एकादशी-चतुर्थीला सैंधव वापरण्यानं काही बिघडत नाही. पण ‘नैसर्गिक’ म्हणून वर्षभर तेच वापरणाऱ्या घरात आयोडीनचा मुख्य स्रोतच तुटतो, आणि त्या घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर नुकसान भरून येण्यासारखं नसतं.

याची दुसरी बाजूही आहे. हाशिमोटोच्या विकारात जादा आयोडीननं फायदा होत नाही, उलट ग्रंथी आणखी मंदावू शकते. समुद्री शेवाळाच्या गोळ्या ‘थायरॉईड सपोर्ट’ म्हणून विकल्या जातात, त्या टाळाव्यात. साधं आयोडीनयुक्त मीठ पुरेसं आहे.

कोबीवरचा आरोप १९२८ सालचा. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये वेगळ्याच संशोधनासाठी पाळलेल्या सशांना खाण्यापुरता कोबीच दिला जाई आणि त्यांच्या गळ्याशी गलगंड वाढले. कोबीवर्गीय भाज्यांतली काही द्रव्यं ग्रंथीला आयोडीन वापरू देत नाहीत, हे खरंच आहे. पण प्रमाण पाहा. २०१० साली नोंदलेल्या एका प्रकरणात न्यूयॉर्कमधल्या ८८ वर्षांच्या बाईची थायरॉईडअभावी शुद्ध हरपली होती. ती कित्येक महिने रोज एक ते दीड किलो कच्चा बोक चॉय हा चिनी कोबी खात होती. शिजवलेल्या वाटीभर भाजीचा याच्याशी संबंध नाही, आणि शिजवताना त्या द्रव्यांचा प्रभाव बराच ओसरतो. बाजरीचंही तसंच. सुदानमधल्या दारफूर भागात गलगंडाशी बाजरीचा संबंध जोडला गेला, तो आयोडीनची टंचाई आणि जवळजवळ पूर्ण बाजरीवरच गुजराण अशा स्थितीत. तेव्हाच्या झाईरमधल्या इज्वी बेटावर कसाव्याच्या कंदाचं असंच झालं. साबुदाणा कसाव्यापासूनच होतो, पण तो धुतलेल्या स्टार्चचा असतो आणि अपायकारक भाग बहुतांशी निघून गेलेला असतो.

या सगळ्या पथ्यांत एक गोष्ट विसरली जाते. कोबी असो वा बाजरी, तिचा परिणाम होतो ग्रंथीच्या हार्मोन बनवण्यावर. जिची ग्रंथी काढून टाकलेली आहे किंवा जी पूर्ण डोसवर आहे, तिला हार्मोन गोळीतून मिळतो आहे. कोबीला अडवायला तिथे काही उरलेलंच नाही. तिनं हिवाळ्यात बाजरीची भाकरी आणि कोबीची भाजी निर्धास्त खावी. सोयाबीनचा मामला थोडा निराळा, कारण ते शोषणात आडवं येतं. तेही गोळीपासून दूर ठेवलं की झालं.

सेलेनियममुळे हाशिमोटोतल्या प्रतिपिंडांचं प्रमाण कमी होतं हे अनेक चाचण्यांत दिसलं, पण त्यामुळे गोळी सुटली असं झालेलं नाही. अतिरेक झाला तर ते विषारीही ठरतं. गहू सोडण्याचा फायदा सीलिअॅक असलेल्यांना नक्की होतो. इतरांनी निव्वळ ऐकीव माहितीवर चपाती सोडू नये. व्हिटॅमिन बी-१२ ची कमतरता मात्र या रुग्णांत अधिक आढळते, आणि शाकाहारी घरात ती आधीच पुष्कळ असते. गोळी सुरू होऊनही मुंग्या येत असतील, थकवा जात नसेल, तर ती तपासून घ्यावी. धण्याच्या पाण्यानं अपाय नाही. कांचनार गुग्गुळ घ्यायचा असेल तर वैद्य आणि डॉक्टर दोघांना ठाऊक असू द्यावं. पण ग्रंथी काढलेल्या माणसानं कुणाच्याही सांगण्यावरून थायरॉक्सिन बंद करणं जिवावर बेतू शकतं.

वजनाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. थायरॉईडच्या कमतरतेमुळे वाढणारं वजन सहसा दोन ते पाच किलोचं असतं आणि त्यात पाणी व क्षार बरेच असतात. गोळीनं तेवढं उतरतं. त्यापुढचं वजन उतरवण्यासाठी डोस वाढवून मागणं धोक्याचं आहे. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या दीर्घ अभ्यासात साठीपुढच्या ज्या लोकांचा टीएसएच फार खाली गेलेला होता, त्यांच्यात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण तिप्पट आढळलं. पाळी गेलेल्या बायकांची हाडंही जादा हार्मोननं ठिसूळ होतात.

वय वाढतं तसा टीएसएच थोडा चढणं स्वाभाविक आहे. तरी सत्तरीतल्या आजींच्या पॅकेज तपासणीत सहा किंवा सात आकडा आला की आयुष्यभराची गोळी लागते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका चाचणीत अशा ७३७ ज्येष्ठांना थायरॉक्सिन किंवा त्यासारखीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली गेली. वर्षभरानंतर थकव्यात वा इतर लक्षणांत फरक पडला नाही. पुष्कळांचा किंचित चढलेला टीएसएच दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासला तर आपोआप उतरलेला असतो. दहाच्या वर गेला तर उपचाराचा विचार योग्यच. त्याखाली, विशेषतः वृद्धांत, थांबून पाहण्याची हिंमत डॉक्टरांनी दाखवावी असं मला ठामपणे वाटतं.

याच्या उलट बाजूला आहेत रिपोर्ट उत्तम असूनही बरं न वाटणारे. त्यांना खोटं ठरवणं सोपं असतं. शरीर टी-४ पासून टी-३ हे अधिक प्रभावी रूप बनवतं हे १९७० साली सिद्ध झालं, आणि तेव्हापासून एकट्या टी-४ वर भर राहिला. १९९९ मध्ये लिथुआनियातल्या ३३ रुग्णांवरच्या अभ्यासात दोन्ही मिळून दिल्यावर त्यांना अधिक बरं वाटलं, पण नंतरच्या बहुतेक चाचण्यांत तसा फायदा दिसला नाही. डुकराच्या ग्रंथीची भुकटी आणि थायरॉक्सिन यांची तुलना करणाऱ्या २०१३ च्या अभ्यासात ७० पैकी जवळपास निम्म्या रुग्णांनी भुकटीला पसंती दिली. पण तिच्यात टी-३ चं प्रमाण माणसाच्या ग्रंथीपेक्षा कितीतरी जास्त असतं. माझ्या मते आधी लोह, बी-१२, झोपेतला घोरण्याचा त्रास, नैराश्य हे सगळं तपासावं, आणि तरीही त्रास उरला तर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली ठरावीक मुदतीसाठी टी-३ जोडून पाहण्याचं दार बंद करू नये.

गरोदरपणात मात्र ढिलाईला जागा नाही. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात, गरोदरपणी उपचार न मिळालेल्या मातांच्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ७ गुणांनी कमी आढळला. पुढे ब्रिटन आणि इटलीतल्या मोठ्या चाचणीत सरसकट तपासणी करून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उपचार सुरू केल्यानं मुलांच्या बुद्धीत फरक दिसला नाही. तोवर कदाचित उशीर झालेला असावा. आधीपासून गोळी घेणाऱ्या बाईसाठी मात्र सल्ला पक्का आहे. दिवस गेल्याचं कळताच आठवड्याला दोन गोळ्या जादा घ्याव्यात आणि लगेच डॉक्टरांकडे जावं. हे तिला दिवस जाण्याआधीच सांगून ठेवायला हवं, कारण पहिली भेट ठरेपर्यंत कित्येकदा दोन महिने उलटलेले असतात. आणि याच काळात लोह व कॅल्शियमच्या गोळ्याही सुरू होतात, तेव्हा तिघींच्या तीन वेळा कागदावर लिहून द्याव्यात.

बाळाची ग्रंथीच जन्मतः नसली किंवा अपुरी असली तर पहिले काही आठवडे ते अगदी निरोगी दिसतं. फार झोपतं, कमी रडतं, कावीळ लवकर उतरत नाही, आणि घरचे ‘किती शहाणं बाळ’ म्हणून कौतुक करतात. भारतातल्या बहुकेंद्री पाहणीत साधारण हजारा-अकराशे बाळांमागे एकाला हा दोष आढळला आहे. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतर मुलांसारखं वाढतं. उशीर झाला तर मेंदूचं नुकसान कायमचं राहतं. गोळी कुटून चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात द्यावी, सोयाच्या दुधात देऊ नये. जगातल्या अनेक देशांत टाचेतून रक्ताचे दोन-तीन थेंब घेऊन प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी होते. आपल्याकडे ती अजून बव्हंशी रुग्णालयाच्या इच्छेवर आणि आईवडिलांच्या खिशावर सोडलेली आहे. सरकारी प्रसूतिगृहांत ती सक्तीची आणि मोफत होईपर्यंत निदान एवढं व्हावं, की बाळंतिणीला घरी सोडण्याआधी तिच्या माणसांनी ‘बाळाचा टीएसएच पाहिला का’ असं विचारावं आणि नसेल पाहिला, तर पहिल्याच आठवड्यात तो करून घ्यावा.